कालव्याच्या हापिसातले पाणबुडे

चार जुने हापिसवाले एकत्र बसले की पहिल्या चहाला तब्येती निघतात, दुसऱ्याला बदल्या, आणि तिसऱ्याला कुणीतरी म्हणतंच, "ते पाणबुडीचं सांगा की." मग मी सांगतो. दर वेळी एखादा नवाच किस्सा आठवतो. इतके साचलेत की हे सगळं जेमतेम एका वर्षात घडलं यावर आता माझाच विश्वास बसत नाही.

चुडावा स्टेशनवर उतरून सायकलनं अर्धा तास गेलं की आमचं हापिस. कालव्याचं हापिस, शेजारी क्वार्टर्स, मागं नदी. नामांतराची ती वर्षं, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही यावरून गावागावात दलितवस्त्यांवर राग धरलेला. माणसं चारच लक्षात ठेवा. देवडे साहेब, आमचे इंजिनिअर. गफूरभाई, मेकॅनिक. सोनाजी खिल्लारे, नदीचं पाणी किती चढलं-उतरलं ते पट्टीवर बघून रोज वहीत लिहिणारा. आणि मी, क्लार्क.

साहेबांच्या मेव्हण्यानं मुंबईला जहाजाच्या भंगारातून एक पेटी उचलली आणि ती साहेबांना भेट म्हणून पाठवली. पेटीत पाठीवर बांधायचा हवेचा सिलिंडर, तोंडात धरायची नळी, काचेचा मोठा चष्मा आणि बदकासारखे रबरी पंजे. सोबत एक पुस्तक. ते कुठल्या भाषेत होतं हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. इंग्रजी नव्हतं एवढं नक्की.

मी विचारलं, साहेब, याचं काही ट्रेनिंग असेल ना? कुठंतरी शिकवत असतील, सर्टिफिकेट देत असतील. साहेब म्हणाले, बारा वर्षं पाण्याच्या खात्यात काढलेल्या माणसाला पाण्याचं ट्रेनिंग कोण देणार? पुस्तकातली चित्रं बघून दोन दिवसांत त्यांनी अभ्यास संपवला. बऱ्याच चित्रांवर लाल फुल्या होत्या. एकात एक माणूस गाल फुगवून, श्वास कोंडून पाण्यातून वर येत होता. त्यावर सगळ्यात मोठी फुली.

"फुली मारलीय ते इम्पॉर्टंट," साहेब म्हणाले. "परीक्षेच्या वेळी आम्ही पण पुस्तकात अशाच मारायचो."

* * *

सिलिंडर रिकामा होता. गफूरभाईंनी तो सायकलच्या कॅरिअरला बांधून पूर्णेला नेला. तिथं एक टायरवाला होता, त्याच्याकडं डिझेल इंजिनवर चालणारा कंप्रेसर. ट्रकच्या चाकात भरतात ती हवा त्यानं यात भरली. सिलिंडरच्या घड्याळाचा काटा जागचा हलला, एवढंच. तो पार दुसऱ्या टोकाला जायला पाहिजे हे कुणाला माहीत?

साहेबांनी ठरवलं, आधी जमिनीवर प्रॅक्टिस करू. नळी तोंडात धरून खुर्चीत बसले. तीन-चार मिनिटांत हवा संपायची. मग गफूरभाई पुन्हा पूर्णेला. तीन दिवसांत अशा तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी साहेबांचं तोंड लालबुंद झालं, डोकं ठणकायला लागलं, आणि त्यांनी समोर आलेल्या सगळ्या कागदांवर न वाचता सह्या केल्या. माझी दोन वर्षं अडकलेली रजा त्यात मंजूर झाली. गफूरभाईंची बदलीपण झाली.

गफूरभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हवा तो भर्‍या मैं. पन इंजन का धुवाँ बी साथ में गया दिखता."

दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायचं थांबल्यावर साहेबांनी सगळे कागद परत मागवले.

* * *

मग पाण्यातली ट्रायल. क्वार्टर्सच्या मागं पुरुषभर खोल हौद होता. सगळा स्टाफ बायकामुलांसकट जमला. साहेब पंजे घालून हापिसाच्या पायऱ्या उतरायला निघाले. पायऱ्या तीन होत्या, साहेब पडले एकदाच. एकाच पडण्यात तिन्ही उरकल्या.

हौदात उतरले तर बुडेचनात. पोट वर यायचं. चित्रात माणसाच्या कमरेला शिशाचा पट्टा होता, पेटीत तो नव्हता. गफूरभाईंनी रेशन दुकानातून दोन लोखंडी वजनं आणली आणि सुती दोरानं साहेबांच्या कमरेला आवळून बांधली. साहेब सरळ तळाशी जाऊन बसले. वर बुडबुडे आले, आम्ही टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळानं साहेब खालून हात हलवायला लागले. आम्हीपण हलवले. मग ते दोन्ही हात हलवायला लागले. तेव्हा हेडक्लार्कबाई म्हणाल्या, साहेब आज किती खुशीत आहेत.

बुडबुडे थांबलेत हे एकट्या सोनाजीच्या लक्षात आलं. तो कपड्यांसकट उतरला. दोर भिजून गाठ अशी फुगली होती की सुटेना. शेवटी वजनांसकट साहेबांना काखेत धरून त्यानं उभं केलं.

साहेब पाव तास खोकत होते. मग डोळे पुसून म्हणाले, "बुडणं जमलं. आता वर यायचं तेवढं बघू."

* * *

चौथा किस्सा माझा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

पंपाच्या पाइपाला पाण्यातल्या तोंडाशी झडपेची जाळी असते. तिचं खरं नाव फूट व्हॉल्व्ह. आमच्या भागात त्याला सगळे फुटबॉल म्हणतात. क्वार्टर्सच्या पंपाचा नदीच्या डोहातला फुटबॉल गाळानं तुंबला. सोनाजी त्या दिवशी लेकीच्या सासरी पिंगळीला गेलेला. साहेब म्हणाले मला सर्दी आहे, तुम्ही चष्मा लावून उतरा. सर्दी मलापण होती, पण माझी क्लार्कची सर्दी.

कान दुखला तर, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, दुखायला लागला की समजायचं, आपण बरोबर खोलीवर पोचलो.

मी पाइप धरून खाली गेलो. कान दुखला. बरोबर चाललंय म्हणून आणखी खाली गेलो. मग डाव्या कानात फट्कन आवाज झाला, गार पाणी आत शिरलं आणि सगळं गरागरा फिरायला लागलं. वर कुठं नि खाली कुठं हेच कळेना. हातातला पाइप सोडला नाही म्हणून आज बोलतोय. त्या भोवळीत मला माझी मुलगी दिसली, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही. डाव्या कानानं तेव्हापासून ऐकू येत नाही. मित्र मला बरोबर आपल्या डावीकडं बसवून घेतात.

दवाखान्याची रजा मागताना अर्जात खरं कारण लिहिलं: "फुटबॉल साफ करताना कान फुटला." महिन्यानं वरून कागद आला. त्यावर लाल शाईत शेरा होता.

"कार्यालयीन वेळेत फुटबॉल खेळण्याचे प्रयोजन काय? खुलासा करावा."

* * *

आता नारायणरावांची विहीर. यात देवडे साहेब वाचले, पंधरा दिवस परभणीच्या दवाखान्यात राहून पुढं सुखरूप रिटायर झाले, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुमचं सगळं लक्ष त्यांच्याकडंच राहील.

नारायणराव कालव्याच्या वरच्या अंगाचे मोठे जमीनदार. त्यांच्या विहिरीवरची मोटार फळीसकट तुटून पाण्यात पडली. वर दाण्यावर आलेला हरभरा वाळायलाय. सोनाजी आणि गफूरभाईंना पाठवा, असा निरोप आला. साहेबांनी पेटीपण जीपमध्ये टाकली. मी बरोबर होतो.

विहीर खोल, तीस फूट पाणी. सोनाजीनं शर्ट काढला, तेवढ्यात नारायणराव साहेबांना बाजूला घेऊन गेले. मी साहेबांच्या डाव्या हाताला होतो, उजव्या कानानं सगळं ऐकलं. ते म्हणाले, आमच्या मनात तसं काय बी न्हाई. पण हे घरचं प्यायचं पाणी हाय, आन् सध्या गावातलं वातावरण तुमाला ठाऊकच हाय. सोनाजीला वरून दोर धरू द्या. तुमच्याकडं मशीन हाय की, तुमी उतरा.

साहेबांना सोनाजीकडं बघवेना. पण पेटी आणलेली होती आणि विहिरीभोवती माणसं जमली होती. त्यांनी सिलिंडर चढवला. हवा त्याच टायरवाल्याची, कमरेला तीच वजनं, आणि वरून धरायला एक लांब दोर. सोनाजी एवढंच म्हणाला, "साहेब, गाठ सुटंल अशी मारा." शर्ट घालून तो दोरापाशी जाऊन उभा राहिला.

साहेब खाली गेले. दोन मिनिटं बुडबुडे आले, मग थांबले. गफूरभाईंनी दोर ओढला तर तो हलेना. मोटारीच्या केबलमध्ये अडकला होता. नारायणराव काहीतरी बोलायला वळले, तोवर सोनाजी विहिरीत होता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मी काठावर पालथा पडून नुसतं काळं पाणी बघत होतो. मग दोर सैल झाला आणि वजनं सुटून साहेब बुचासारखे वर आले, गाल फुगवलेले, श्वास कोंडलेला, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखे. काठावर घेतल्यावर त्यांच्या तोंडातून लाल फेस यायला लागला. कोंडलेली हवा वर येताना छातीत फुगते, ती फुली त्यासाठी होती, हे पुढं डॉक्टरांकडून कळलं. श्वास चालू होता. गफूरभाई जीप जवळ आणायला पळाले.

सोनाजी साहेबांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. अंगातून पाणी निथळत होतं. नारायणराव त्याच्याजवळ आले, आवाज खाली घेतला.

"सोनाजी, आता उतरलाच हायस, तर मोटारीला बी आकडा लावून दे."

सोनाजीनं वर बघितलं. "म्हंजे मी विहिरीत उतरलो, मालक?"

नारायणरावांनी जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली. म्हणाले, "कुनी काय बघितलं न्हाई."

"मग मोटार बी कुनी काढली न्हाई," सोनाजी म्हणाला, आणि साहेबांना खांद्यावर घेऊन जीपकडं चालायला लागला.