सबंध पडदा

शकुंतलाबाईंना झोप लागतेय म्हणावं तर लागत नाही. दुपारची जेवणं आवरलीत, पंखा घरघरतोय, आरामखुर्चीत मान कलतेय, आणि मनात सबनीसांचं सकाळचं बोलणं ठसठसतंय. सबनीस म्हणजे गावातल्या नव्या कलादालनाचे कारभारी. फोनवर काय म्हणावं त्यांनी? "यंदा खरा ऑर्केस्ट्रा आणतोय, ताई, मुंबईचा. नुसती व्हायोलिनंच व्हायोलिनं. आणि बाजूला तुमच्या आप्पांच्या पडद्याचं प्रदर्शन."

खरा ऑर्केस्ट्रा म्हणे. मग वडिलांनी, आप्पांनी, जन्मभर जत्रेजत्रेतून फिरवला तो काय खोटा होता? पण तेही एक वेळ गिळलं असतं. पुढचं ऐका. "भिंत तोकडी पडतेय हो. पडदा कापून फ्रेमा करतो. नंतर एकेक तुकडा पाहुण्यांना भेट देता येईल. दुपारी माणूस येतोय कापायला."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडातून निघालं नुसतं "बघते". तेवढ्यावर तो गृहस्थ होकार समजून मोकळा झाला. पडदा तर प्रदर्शनासाठी म्हणून कालच टेम्पोत घालून नेलाय.

स्टेजच्या मागं लावायचा तो पडदा आप्पांनी स्वतः रंगवलेला. त्यावर सगळे गाणारे-वाजवणारे माणसाएवढे, ज्याच्या खुर्चीमागं त्याचंच चित्र. कुणी आजारी पडो, कुणी मरो, चित्र पुसायचं नाही आणि पुढची खुर्ची उचलायची नाही, असा आप्पांचा नेम होता.

पंख्याची घरघर जड होते. मग ती पंख्याची राहत नाही, आप्पांच्या ऑर्केस्ट्राच्या गाडीच्या इंजिनाची होते. पुढच्या बाकावर रंगांनी माखलेलं धोतर नेसून आप्पा बसलेत. त्यांना जाऊन किती वर्षं झाली हे शकूला ठाऊक आहे, पण तोंडावर तसं म्हणणं बरं दिसत नाही म्हणून ती विषय काढत नाही.

"गाणं का थांबलं गं?" आप्पा विचारतात.

"मला काय ठाऊक?"

"मागं बघ."

मागं गाडीच नाही. जत्रेतलं स्टेज आहे आणि खुर्च्यांवर पडद्यावरची सगळी मंडळी बसलीत. इस्माईलचाचांच्या मांडीवर अर्धाच अकॉर्डियन आहे. उरलेला अर्धा शेजारच्या चौकटीत, काचेमागं. चाचा भाता ओढतात, नुसती हवा फुसफुसते. निळ्या साडीतली पुतळाबाई गायला उभी आहे. तिचं तोंड एका चौकटीत नि गळा दुसऱ्या चौकटीत. ओठ हलतात, आवाज येत नाही. पुतळाबाईच्या डोळ्यांत पाणी येतं.

"माणसं कापली माझी," आप्पा म्हणतात. त्यांचा आवाज रागानं चिरकतो. "कुणाला विचारून?"

"मला विचारलं होतं."

"मग काय म्हणालीस?"

"बघते म्हणाले."

"बघतच बसलीस."

आता मात्र शकूचंही डोकं फिरतं. "मला बोलू नका, आप्पा. पडदा माझ्या गळ्यात टाकून तुम्ही गेलात निघून. उंदरांपासून कुणी जपला? दर उन्हाळ्यात कडुलिंबाचा पाला कुणी घातला? घरात जागा नाही म्हणून सगळे ओरडत होते, तेव्हा ऐकून कुणी घेतलं?"

आप्पा विचारतात, "मग आता सोडतेस?"

"सोडतंय कोण?"

"धर तर मग."

धर म्हटलं की धरायचं. लहानपणी हेच तिचं काम होतं. आप्पा लाकडी घोडीवर चढून रंगवायचे आणि ती खालची कड ताणून बसायची. सुरकुती पडली की ओरडा खायची. आताही ती कड शोधायला वाकते, तर पायाखाली गुळगुळीत फरशी लागते. कलादालन आहे. झुळझुळीत कपड्यांतले पाहुणे खुर्च्यांवर बसलेत, व्हायोलिनवाल्यांनी कमानी उचलून धरल्यात, आणि एक माणूस पुतळाबाईच्या साडीला कात्री लावतोय. शकू दोन्ही मुठींत कापड घट्ट आवळते. सरसाचा ओळखीचा वास येतो, रंगात मिसळायच्या त्या डिंकासारख्या सरसाचा.

"ताई, पाहुणे खोळंबलेत," सबनीस म्हणतात.

"खोळंबू देत. माझ्या बापाचं काम आहे, वाटायचा प्रसाद नाही."

"सोडू नको," घोडीवरून आप्पा म्हणतात. तिच्या डोक्यावर रंगाचा थेंब पडल्यासारखं वाटतं. पलीकडे चाचांचा भाता भरतो, अख्खा अकॉर्डियन एकदम वाजतो. वाजतच राहतो.

वाजतोय तो फोन आहे. बाई खडबडून उठतात.

"ताई, सबनीस बोलतोय. माणूस आलाय. म्हटलं, सुरुवात करण्याआधी कळवावं."

फोन धरलेल्या हाताकडे बाईंचं लक्ष जातं. बोटं निळी झालीत. दुसऱ्या तळव्यावरही तोच निळा, रेषारेषांत भरलेला, अजून ओलसर. घरात रंगाचा टिपूस नाही. त्या हात नाकाशी नेतात. सरस.

"ताई? ऐकताय ना?"

"ऐकतेय. कात्री खाली ठेवायला सांगा त्याला. पडद्याचा एक धागा तुटता कामा नये."

"पण सकाळी तुम्ही..."

"सकाळी बघते म्हणाले होते. बघितलं. भिंतीवर मावत नसेल तर पटांगणात लावा. तुमच्या त्या खऱ्या ऑर्केस्ट्राला त्याच्या पुढं बसवा. नाहीतर आहे तसा माझ्या घरी आणून द्या."

"अहो, एवढा मोठा पडदा पटांगणात वाऱ्यानं उडेल. धरणार कोण?"

"मी येतेय," शकुंतलाबाई म्हणतात, आणि हात न धुताच पायांत चपला सरकवतात.