मान माझी, बैठक भावकीची

ये गं, अशी जवळ सरक. आणि तो रडका चेहरा आधी दाराबाहेर ठेवून ये. गेले नाही मी अजून. मैत्रीण म्हणवतेस आणि सांगवीहून मोशीला यायला एवढे दिवस लावलेस, आता नीट ऐक तरी.

झालं काय, भाकरी थापता थापता माझा उजवा हात लुळा पडला आणि तोंडातून शब्द फुटेना. थोड्या वेळानं सगळं जागेवर आलं. हाताचं कुणाला काही नव्हतं गं, मी गप्प झाले म्हणून घर घाबरलं.

मानेची डावी रक्तवाहिनी चिंचोळी झाली होती. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. मान उघडून आतला गाळ काढायचा, नाहीतर जांघेतून तार नेऊन आत जाळीची नळी बसवायची, म्हणजे स्टेंट. "लवकर ठरवा. पुढचा झटका असा परत जाईलच असं नाही."

आमच्यात ठरवायला भावकी बसते, मग जमीन विकायची असो नाहीतर माझी मान. चाकणच्या कंपनीत पाइपांचं काम बघणारा पुतण्या म्हणाला, "काकी, आतून स्लीव्ह टाकून मोकळं व्हा. लाइन बंद ठेवायची गरजच न्हाई." थोरले दीर म्हणाले, "बाईमाणसाच्या गळ्यावर वण बरा दिसत न्हाई." सत्तरी उलटली माझी, गळा बघायला येतंय कोण? स्टेंट पास झाला. मला कुणी विचारलंच नाही. मी आत त्यांचाच चहा उकळत होते.

दुसऱ्या दिवशी रिक्षा केली आणि एकटीच डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "तुमचं वय आणि ही वाकडीतिकडी नस बघता, तार नेताना गाळ सुटून मेंदूत जायची भीती जास्त. मी ऑपरेशन सुचवेन. फक्त आवाज काही दिवस बसू शकतो. क्वचित कायमचा."

आवाज गेला तर मागं उरतंय काय माझं?

"भूल फक्त मानेला देऊ," ते म्हणाले. "तुम्ही बोलत राहायचं. बोलणं अडखळलं, की मेंदूला रक्त कमी पडतंय हे आम्हाला कळेल."

बोलत राहा! लग्न झाल्यापासून हे मला कुणी म्हणालं नव्हतं. तिथंच होकार दिला. भावकी रुसली. नवरा तेवढा म्हणाला, "मला त्या डॉक्टरची काळजी वाटती."

ऑपरेशनच्या टेबलावर मी थोरल्या दिरांच्या लग्नातलं मानपानाचं भांडण पहिल्यापासून सांगितलं. डॉक्टर म्हणायचे, "हलू नका. बरं, मग पुढं?"

आवाज अजून घोगरा आहे, पण सुटतोय हळूहळू. फोनवर ताणवत नाही, ऐकणारं माणूस समोरच लागतं, आणि ही घरची माणसं दुसऱ्या वाक्याला उठतात. तू पुढच्या रविवारी परत ये. मुक्कामालाच ये.