ग्रेसचे पाच मार्क

"सूप आणलंस का सोबत?" सरांनी विचारलं आणि सगळा वर्ग हसला. दीडशे पोरं-पोरी. मी वही धरून उभी होते.

लातूरचा प्रवेश परीक्षेचा क्लास. फिजिक्सचा तास, व्हेक्टरचं प्रकरण. फळ्यावर विमानाचं गणित. विमानाचं तोंड सरळ उत्तरेला, हवेतला वेग ताशी दोनशे किलोमीटर. तासाभरानं ते सापडतं निघाल्या जागेपासून दोनशे चाळीस किलोमीटर उत्तरेला आणि तीस किलोमीटर पूर्वेला. वाऱ्याचा वेग आणि दिशा काढा. विमान जमिनीवरून खरं जेवढं सरकलं, त्यातून त्याचा हवेतला वेग वजा करायचा. उरतो तो वारा. सरांनी वजाबाकी उलटी केली. वेग आला ताशी पन्नास, तो बरोबर. बाण मात्र नैर्ऋत्येकडे गेला. म्हणजे वारा विमानाला मागं ढकलत होता आणि तरी विमान चाळीस किलोमीटर जास्त पुढं गेलं होतं.

मी हात वर केला. मी म्हणाले, "सर, वारं पाठीतून असल. तवाच ते पुढं गेलं. उफणताना भूस जिकडं उडतं, वारं तिकडंच चाललेलं असतं."

त्यावर सरांचा तो सुपाचा टोमणा. तेवढ्यावरही सर थांबले नाहीत. "बस खाली. तुमचं बरं असतं. दिशा चुकली तरी सीट चुकत नाही."

क्लासच्या दारावर रँकची यादी लागायची. तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढं कॅटेगरीचा रकाना होता. त्यामुळं मी कोण, ते सगळ्यांना पाठ होतं. कुणी विचारलं नाही की वारा नेमका कुठून होता. मी खाली बसले. त्या बसण्याची मला अजून चीड येते.

सूप आमच्या घरात आहेच. माझं गाव लोहा तालुक्यात. आई दुसऱ्याच्या रानात मजुरीला. मालकाचा हरभरा निघाला की रानात गळालेले घाटे वेचायला आमच्या बुद्धवाड्यातल्या बाया जायच्या. त्याला सरवा म्हणतात. आई ते घाटे काठीनं बडवायची आणि दारात सुपानं वाऱ्यावर उफणायची. माझं काम वारा बघायचं. चिमूटभर भूस हवेत सोडायचं, ते कुठं जातंय ते बघायचं आणि आईला सांगायचं, या अंगाला तोंड कर. एकदा चुकले. सगळं भूस आईच्या डोळ्यात. दोन दिवस तिचे डोळे लाल होते, तरी ती मजुरीला गेली. तेव्हापासून मी वाऱ्याच्या बाबतीत चुकत नाही.

रविवारी परीक्षा झाली. तेच विमान, तेच आकडे, चार पर्याय. सरांनी फळ्यावर काढलेलं उत्तर तिसरं होतं. माझं पहिलं. पेन तिसऱ्यावर नेलं, पुन्हा मागं घेतलं. हो ला हो म्हणायला काय जात होतं? पण माझ्याच्यानं ते झालं नाही. मी पहिल्यावर गोल काळा केला.

बरोबरला चार मार्क, चुकलं की एक वजा. माझं उत्तर चूक धरलं, म्हणजे पाचाचा फटका. मी पहिल्या बॅचमध्ये होते ती तिथल्या शेवटच्या मार्कापेक्षा तीनच मार्क वर. यादी लागली तेव्हा माझं नाव दुसऱ्या बॅचमध्ये. पहिल्या बॅचला सगळे अनुभवी सर शिकवायचे, शंकांसाठी वेगळा तास असायचा. दुसऱ्या बॅचला छापील नोट्स द्यायचे आणि म्हणायचे, वाचून घ्या.

होस्टेलवरून आईला फोन लावला. गणित सांगितलं, आमच्या भाषेत.

"आई, इमान ठरल्यापेक्षा पुढं गेलं. मंग वारं समोरून असल का पाठीतून?"

"येडी का काय तू? समोरून असल तर पुढं कसं जाईल?"

"सर म्हणतेत समोरून."

आईनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "मोठे लोक हायत ते. वाकड्यात शिरू नगं, बाई. गप राय."

आई चौथी शिकलेली. तिला एका दमात कळलं, आणि कळूनही ती गप राय म्हणाली. मला सरांपेक्षा तिचा जास्त राग आला, खरं तेच सांगते. रात्रभर तळमळत राहिले.

दुसऱ्या दिवशी तास सुटल्यावर पेपर घेऊन सरांपुढं गेले. आकृती काढून दाखवली. सरांनी आकृतीवर बोट फिरवत वजाबाकी पुन्हा केली. त्यांना कळलं. चेहऱ्यावर दिसलं मला. पण बरोबर उत्तरांची यादी बदलायची तर जवळजवळ सगळ्या वर्गाचे मार्क गेले असते, कारण सगळ्यांनी सरांचं ऐकून तिसरा पर्याय भरला होता. पहिला नंबर एका मोठ्या डॉक्टरांच्या मुलाचा होता. तोही गेला असता.

"ठीक आहे," सर म्हणाले. "तुला पाच ग्रेस देतो. पहिल्या बॅचमध्ये राहा."

"सर, ग्रेस कशाला? उत्तर बरोबर आहे ना?"

"बरोबर-चूक सोड. मार्क मिळाल्याशी मतलब. तुम्हाला सवय असते की घ्यायची."

दुसऱ्या दिवशी यादीत माझं नाव वर आलं होतं. पुढं लाल पेनानं लिहिलेलं: अधिक पाच, ग्रेस. पोरं येत होती, वाचत होती. एक जण म्हणाला, "इथं पण कोटा चालू झाला का?" मी त्याच्याकडं बघितलं. हाताची मूठ वळली होती, ती सोडली. यादी दारावरून काढली आणि तास चालू असताना वर्गात शिरले.

"सर, ग्रेस खोडा. उत्तर बरोबर होतं असं लिहा."

"ते होणार नाही."

"मग मार्क पण खोडा."

"डोकं ठिकाणावर आहे का? दुसऱ्या बॅचमध्ये जाशील."

"जाते."

वर्गात कुणी हसलं नाही. सरांनी पेन काढलं आणि पाचावर काट मारली. कागद फाटला, इतक्या जोरात मारली. मी दप्तर उचललं आणि दुसऱ्या बॅचच्या खोलीत गेले. तिथं बाक मोडका होता, पंखा बंद. वर्षभर तिथंच बसले. नुकसान झालं, खूप झालं. प्रकरणंच्या प्रकरणं एकटीनं सोडवली, कित्येकदा चुकीची. विचारायला कुणी नव्हतं. आई महिनाभर फोनवर नीट बोलली नाही. ती म्हणायची, आलेलं ताट लाथाडलं. मला तिला समजावता आलं नाही.

आज एवढंच सांगते. मी चुकले तर चूक म्हणा, मी माझ्या हातानं खोडीन. पण माझं बरोबर असेल तर ते बरोबरच म्हणावं लागेल, मोठ्यानं, चारचौघांत. मेहरबानी म्हणून कुणी पुढं केलं तर मी ते घेणार नाही. उपाशी राहावं लागलं तरी नाही.