बुडालेल्या सागवानाची चौकट

आमच्या दादानं जंगल वाचवलं. म्हणजे तो तसं म्हणते. मी सारा वेळ तिथंच होती, म्हणून नेमकं काय झालं ते मीच सांगतो, कारण तो पाहुण्यायले जे सांगत फिरते त्यातलं अर्धं बी खरं नाही.

गोष्ट आमच्या घराच्या चौकटीची आहे. बाबा रेल्वेत होते. सारी नोकरी क्वार्टरात गेली, रिटायर झाल्यावर आम्ही पुरानी बस्तीत किरायाच्या खोल्यायमध्ये आलो, अन् मंग नव्या रायपुरकडं, जिथं रस्ता एवढा रुंद की ओलांडता ओलांडता भूक लागते अन् बस कधी येईन ते कोणालेच माहीत नसते, तिथं बाबानं घर बांधाले काढलं. टाइल्स कोणती, रंग कोणता, कशातच ते बोलले नाहीत. एकच म्हटलं, समोरचं दार सागवानाचं पाहिजे, अन् लवकर पाहिजे. "किरायाच्या घरात मले म्हातारं नाही व्हायचं." बस. माणसानं आयुष्यभर सरकारचं दार उघडलं अन् लावलं, आता त्याले आपलं पाहिजे होतं. यात कठीण काय आहे, सांगा?

कठीण दादा आहे.

दादा तेलीबांध्याच्या एका ऑफिसात आहे, तिथं चहाले कागदी कप, ज्यूसले कागदी स्ट्रॉ, अन् एसी एवढा थंड की भर मे महिन्यात हे लोक स्वेटर घालून बसतात. तिथून तो रोज नवीन ज्ञान घेऊन येते. साधं बोलणं मराठीत, पण ज्ञान द्यायचं असलं की हिंदीत जाते, म्हणजे आम्हाले आधीच समजते की आता बसा. एक दिवस जेवता जेवता हात तसाच ताटात ठेवून म्हणे, "बाबा, सागवान मतलब एक ज़िंदा पेड़ की हत्या."

बाबानं वरण वाढून घेतलं. "मंग काय, बाभळीचं लावू?"

"नाही. बुडालेलं लावू."

झालं असं होतं की त्याले एक लाकूडवाला भेटला होता. धरण बांधलं तेव्हा जे जंगल पाण्याखाली गेलं, त्यातली झाडं अजून तशीच उभी आहेत म्हणे, पाण्याखाली हवा नाही म्हणून सडली नाहीत. ती खाली जाऊन कापायची, वर आणायची, विकायची. त्या लाकूडवाल्या भैयाचं एकच वाक्य होतं, अन् ते तो देवाच्या आरतीसारखं म्हणे: "एक भी ज़िंदा पेड़ नहीं कटा, भैया." दादा ते ऐकून असा झाला जसं त्याचं लग्न ठरलं.

आई म्हणे, "बुडून मेलेलं लाकूड समोरच्या दाराले? वेडा झाला का बे?"

"अवं, सागवान आहे ते, माणूस नाही," बाबा म्हणे. त्यायले दार पाहिजे होतं, जंगल वरचं का खालचं याच्याशी घेणंदेणं नव्हतं.

मंग एका रविवारी दादा अन् मी ते लाकूड पाहाले गेलो. म्हणजे तो पाहाले, मी त्याचा व्हिडिओ काढाले. धरणाचं नाव नाही सांगत, रायपुरवरून सकाळी निघालं तं जेवणाच्या आत पोचते एवढं समजा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं होतं अन् काठाजवळ काळ्या काळ्या खोडायची टोकं वर आली होती, जसे कोणाचे दात. खरं सांगतो, मले ते पाहून कसंतरीच झालं. पण दादा लगेच शर्ट नीट करून, "आज हम खड़े हैं एक डूबे हुए जंगल में." अरे तू काठावर उभा आहे, सँडल घालून!

नावेत एक कंप्रेसर धडधड करून राहिला होता, त्याची नळी पाण्यात, नळीच्या त्या टोकाले एक माणूस खाली कापत होता. वरचा माणूस दोरी धरून. बराच वेळ काहीच नाही, अन् मंग एकदम रिकाम्या ड्रमायले बांधलेलं भलं मोठं खोड भसकन वर आलं. मी ओरडलीच. मस्त दिसलं ते, नाही कशाले म्हणू. पण त्याच्यामागून सारा गाळ वर आला, पाणी चहासारखं झालं, अन् वर तेलाचे रंग पसरले.

"उधर का मत ले," दादा मले म्हणे, अजून व्हिडिओच्याच हिंदीत. "इधर का ले, इधर पानी साफ है."

काठावर एक मासेवाला अन् त्याची बायको जाळं दुरुस्त करत बसले होते. दादानं विचार केला की यायची बी एक बाइट घेऊन घेऊ. विचारलं, लाकूड काढतात ते चांगलं का वाईट?

"बने हे," मासेवाला म्हणे. चांगलं आहे. "ये ठूँठ मन मा जाल फाट जाथे." खोडायमध्ये जाळं अटकते अन् फाटते.

दादा खूश. मोबाइलकडं पाहून मान हलवली.

तेवढ्यात बायको नवऱ्यावर बरसली. "अउ मछरी कहाँ रहिही? तोर मुड़ म?" म्हणजे खोडं गेली तं मासोळी राहीन कुठं, तुझ्या डोक्यात? तिचं म्हणणं, पिल्लं त्याच खोडायमध्ये लपतात, जिथून खोडं काढली तिकडं जाळं फाटत नाही हे खरं, पण जाळ्यात येत बी काही नाही.

"चुप रह न," नवरा.

"तैं चुप रह. जाल मैं सिलथों." जाळं तर मीच शिवते.

दोघंही खरं बोलून राहिले होते! हेच तर सांगाचं आहे मले. दादानं व्हिडिओत फक्त नवऱ्याचं ठेवलं.

परत येताना गाडीत आमचं भांडण झालं. मी काही साऱ्याच गोष्टीले नाही म्हणत नव्हती. जंगल तर बुडालंच आहे, ते काढलं तं वरचं एखादं उभं झाड वाचू शकते, बरोबर. नाव आदळत नाही, जाळं फाटत नाही, बरोबर. पण मी म्हटलं, ते झाड खाली कोणाचं काय बिघडवून राहिलं होतं? गुपचूप उभं होतं, मासोळीचं घर होतं. आता गाळ हलला, डिझेल जळलं, ट्रक आला. अन् हे खालचंच लाकूड आहे, वरचं कापून तळ्यात भिजवलेलं नाही, हे कोण पाहाले जाते?

"तू निगेटिव्ह आहे," दादा म्हणे. हे मराठीत म्हटलं, म्हणजे राग आला होता.

अन् ऐका, खरी मजा तर पुढं आहे. आम्हाले लागत होती एक चौकट अन् एक दार. दादानं काय सांगून ठेवलं? चौकट, दार, देवघर, चपलांचं कपाट, अन् गॅलरीत झोपाळा. मी म्हटलं, झोपाळा कोणी मागतला? म्हणे, "अगं पोट्टे, झाड कापलंच नाही तं घ्याले काय जाते?" म्हणजे साधं सागवान असतं तं यानं हात आखडून एक दार घेतलं असतं. पुण्याईचं लाकूड मिळालं तं अर्धं जंगल घरात.

लाकूड आलं ते ओलंगच्च. हात लावला तं पाणी. लाकूडवाल्यानं स्वतःच सांगतलं, सावलीत ठेवा, महिने लागतील, नाहीतर भट्टीत सुकवून देतो, लवकर होईन. इथं आमच्या घरानं जे केलं ते दुसऱ्या कोणत्याच घरानं केलं नसतं.

दादा म्हणे, भट्टी नाही. भट्टीत कोळसा जळते, मंग एवढं सारं वाचवून फायदा काय? ज्या शहरात छतावर पापड वाळत घातले तं संध्याकाळी त्यावर कारखान्याची काळी धूळ मिळते, तिथं हा माणूस आमच्या चौकटीचा धूर मोजून राहिला होता. बरं, मंग सावलीत ठेवू. तं पंडितजी म्हणे, चौकट बसवाचा हा मुहूर्त गेला तं मंग दिवाळीनंतर. आई म्हणे, मुहूर्त नाही सोडायचा. बाबा म्हणे, दिवाळीपर्यंत मी नाही थांबत. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर, अन् साऱ्यायचं मिळून झालं हे की ओली चौकट भिंतीत गेली.

पूजा झाली. आंब्याची पानं, नारळ, उंबरठ्याखाली नाणं, सारं रीतीनं. पण हळद-कुंकू टिकेचना. आई लावे, लाकडातून पाणी पाझरे, कुंकू खाली ओघळे. आईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, आई, शकून-बिकून नाही, ओलं आहे ते. दादा तिकडं व्हिडिओ काढून राहिला होता. म्हणे, "देखो, अब भी इसमें नदी है."

मले हसू आलं, पण बाबायकडं पाहून दाबलं. ते चौकटीले हात लावून उभे होते. फोटोत पण तसेच आले.

मंग नवतपा लागला, मे संपतानाचे ते नऊ भाजणारे दिवस. रायपुरचा नवतपा काय असते ते इथं राहणाऱ्यालेच माहीत, नळाचं पाणी भाजते. ओली चौकट त्या उन्हात उभी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच तडकाले लागली, अन् ते आवाज करून तडकते बरं का, फटाक्यासारखं. एक बाजू आत वळली, एक बाहेर, वरच्या कोपऱ्यात प्लास्टर फुटलं. सुतार दार घेऊन आला, बसवून पाहिलं, काढलं, रंधा मारला, परत बसवलं. शेवटी बिडी पेटवून म्हणे, "दरवाज़ा तो सीधा है दीदी, घर टेढ़ा है."

दादा म्हणे, हे लाकूड श्वास घेऊन राहिलं.

मी म्हटलं, चौकट काढून टाका, तं नागपूरवरून काकूचा फोन. पुजलेली चौकट काढत नाहीत, घराचं बरं होत नाही. आई तिच्याच बाजूनं. अन् बाबानं साइटच सोडली. आधी रोज सकाळी डबा घेऊन साइटवर जायचे, ते गेलेच नाहीत. किरायाच्या घरात खिडकीजवळ बसून राहायचे. विचारलं तं म्हणे, जाऊन काय पाहू, भोक? पाऊस आला, तं चौकटीच्या फटीतून पाणी सरळ हॉलमध्ये. मले दादाचा एवढा राग आला होता की सांगू नका. त्याची पोस्ट तेव्हा जोरात चालली होती, लोक हृदय पाठवून राहिले होते. कोणी विचारलं नाही की दार लागते का.

झोपाळ्यासाठी जे लाकूड आलं होतं, ते बी फाटलं. त्याचे तुकडे मिस्त्रीच्या लोकायनं चुलीत घालून चहा केला. मी स्वतः प्याली तो चहा. इतकी वर्षं पाण्याखाली जे झाड शांत उभं होतं, त्याचा आठवड्याभरात धूर झाला. मी दादाले म्हटलं, याचा व्हिडिओ काढ न. नाही काढला.

मंग एक दिवस बाबा सकाळी आंघोळ करून, देवाले हात जोडून साइटवर गेले. मी मागं मागं गेली. मिस्त्रीले म्हणे, काढ.

मिस्त्री घाबरला. "अंकलजी, पूजा हुआ है इसका."

"हव. मीच केली होती. काढ."

आईले फोनवर सांगतलं, तं ती रडली. बाबा म्हणे, "अवं, देव काय लाकडात अडकून बसला का? घरात ये म्हणतो तं येईन न आपल्यासंगं."  आई म्हणे, उंबरठ्याखालचं नाणं तेवढं जपून ठेवा.

सिमेंटची चौकट आणली, बाजारात तयार मिळते ती. सागवानाचं दार बी पावसात फुगलं होतं, म्हणून प्लायचं दार. दादा ऑफिसवरून धावत आला. "बाबा, सिमेंट का कार्बन पता है आपको?"

बाबा म्हणे, "नाही बेटा. तुले दाराचं माहीत आहे का?"

गृहप्रवेश मुहूर्ताशिवायच झाला. पंडितजीनं बी शेवटी एक छोटी पूजा शोधून काढली, त्यायचं नेहमी असतेच काहीतरी. दूध उतू जाऊ दिलं, पाहुणे जेवले. संध्याकाळी सारे गेल्यावर दादा व्हरांड्यात फोनवर कोणाले तरी सांगून राहिला होता, देवघर अजून तेच आहे न आमच्याकडं, हो हो, डूबा हुआ सागौन, एक भी ज़िंदा पेड़ नहीं कटा. कोणाले तरी त्याच्या किचनसाठी पाहिजे होतं म्हणे.

बाबा उठले. हळूच दार लोटलं. कुठंच अटकलं नाही. आतून कडी लावली अन् दादा बाहेर राहिला.

"लागली," बाबा म्हणे.

बाहेरून दादानं दोनदा वाजवलं. आम्ही कोणीच लवकर उठलो नाही.