आम्ही मंडळीतून नाव काढलं त्यानंतर

तारण, म्हणजे पापातून सुटका, एकदा मिळालं की ते परत जातं का, हा प्रश्न मी साठीपर्यंत कधी मनावर घेतला नव्हता. आमच्या नगरकडच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेब त्यावर तासभर बोलायचे आणि मी बाकावर बसून घरी मटण खाली लागलं तर नसेल ना, याच काळजीत असायचे. देवाने दिलंय ते देव कशाला काढून घेईल, असं माझं साधं म्हणणं. पण गेल्या हिवाळ्यात श्टुटगार्टच्या एका हॉस्पिटलात माझ्या यजमानांनी तोच प्रश्न मला विचारला. आणि त्यांना या घोरात लोटणारी मीच होते.

झालं होतं असं. हे इंजिनियर, नोकरी श्टुटगार्टच्याच त्सुफेनहाउझेन भागात. आम्ही जर्मनीत आलो तेव्हा पत्त्याची नोंद करताना फॉर्मवर धर्माचा रकाना होता. हे पाळकाचे चिरंजीव, त्यांनी ठसठशीत अक्षरात ‘इव्हांगेलिश’, म्हणजे प्रोटेस्टंट, लिहिलं. तसं लिहिणाऱ्याच्या पगारातून इथे चर्चचा कर कापला जातो. बरीच वर्षं आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. पुढे घर घेतलं, हात आखडला, आणि कोणीतरी माझ्या कानात घातलं की बरेच लोक आउस्ट्रिट करतात, म्हणजे रीतसर चर्च सोडतात. कागदावरचं नाव जातं, मनातल्या देवाला कोण हात लावतंय? मला ते पटलं. मी महिनाभर यांच्या मागे भुणभुण लावली. “अहो, देव काय फॉर्म वाचत बसलाय का?” असंही म्हणाले. माझी जीभ पहिल्यापासून अशीच आहे. यांच्या मनात नव्हतं, पण घरात शांतता हवी म्हणून शेवटी कबूल झाले. इथे धर्म सोडायलाही आधी वेळ ठरवून टर्मिन घ्यावा लागतो. आम्ही दोघं श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्म-लग्न-मृत्यूची नोंद होते त्या कचेरीत गेलो, बाईंनी एक कागद वाचून दाखवला, दोघांनी सह्या केल्या. जिन्यात हे म्हणाले, “झालं?” मी म्हणाले, “झालं, चला.” रविवारी उपासनेला जायचं मग आपोआप कमी झालं, पण घरातली प्रार्थना यांनी एक दिवस सोडली नाही.

पाच वर्षांनी यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. केमोने काही साधलं नाही आणि डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं की आता महिने नाहीत, आठवडे म्हणा. दुखण्याला हे घाबरले नाहीत. पण एक दिवस दुपारचं सूप आलं आणि यांनी हात न जोडताच चमचा उचलला. चाळीस वर्षांच्या संसारात मी हे कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, “अहो, प्रार्थना?” तर खाली बघत म्हणाले, “तू कर. मी कुठल्या तोंडाने करू? मी त्याला सरकारी कागदावर नाकारलंय.”

त्या दिवसापासून त्यांच्या मनाने जे घेतलं ते काही केल्या सुटेना. जो मला लोकांसमोर नाकारील त्याला मीही पित्यासमोर नाकारीन, हे प्रभूचं वचन त्यांना लहानपणापासून पाठ. तारलेल्यांची नावं असतात त्या जीवनाच्या पुस्तकातून नाव खोडलं जाण्याबद्दलही पाठ. त्यांच्या वडिलांनीच ते पाठ करून घेतलेलं. हॉस्पिटलमधल्या पाळकबाई भेटायला आल्या, तर यांनी नम्रपणे सांगितलं, मी तुमच्यातला नाही, सही करून बाहेर पडलोय. त्या म्हणाल्या, त्याने काही बिघडत नाही, पण हे भिंतीकडे तोंड करून राहिले. मी समजावलं, रागावले, शेवटी रडले. कोलोनहून मुलगी आली, तिने जर्मनमध्ये बाबांची समजूत काढली. तिलाही नुसतं “हो बेटा” म्हणाले. बाहेर दिवसभर राखाडी आभाळ, चार वाजले की अंधार. मी ट्रॅममध्ये बसून प्रभूशी भांडायचे. काय शिक्षा करायची ती मला कर, सही मी करायला लावली, या गरीब माणसाला मरताना तरी छळू नकोस. उत्तर काही यायचं नाही. मलाही मग वाटायला लागलं की आपला आवाज तिकडे पोचणं बंद झालंय.

यांच्या शेजारच्या पलंगावर एक म्हातारे गृहस्थ होते, हेर बाउमान. हेर म्हणजे इथलं ‘श्रीयुत’. त्यांच्या वॉर्डात जागा नव्हती म्हणून त्यांना इकडे आणलेलं. नाकात ऑक्सिजनची नळी आणि कपाळाला कायमची आठी. खिडकी उघडी का, खिडकी बंद का, याखेरीज आमच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. मी त्यांना मनातल्या मनात खडूसच म्हणायचे. एका दुपारी आमचं तेच सुरू होतं, मी मराठीत सांगतेय की असं काही नसतं, हे म्हणतायत की असतं. एकदम पलीकडून आवाज आला. म्हणाले, “माफ करा, तुमच्या भाषेतलं मला काही कळत नाही. पण रोज तुमच्या बोलण्यात आउस्ट्रिट आणि श्टांडेसआम्ट येतं. त्या कचेरीच्या टेबलावर मी सव्वीस वर्षं बसलोय. काय झालंय ते सांगाल का?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण यांनीच, धापा टाकत, सगळं सांगितलं. बाउमाननी सगळं ऐकून घेतलं. मग नेहमीच्याच कोरड्या आवाजात म्हणाले, “हेर साळवे, मी हजारो लोकांचे असे कागद केले. त्यात मी एवढंच लिहायचो की हा माणूस आता या संस्थेचा सभासद नाही. एकदा एक बाई आल्या, त्यांना त्यांचा बाप्तिस्माही रद्द करून हवा होता. मी त्यांच्या चर्चला पत्र लिहिलं. उलट उत्तर आलं की बाप्तिस्म्याच्या वहीतली नोंद खोडत नाहीत. शेजारी बारीक अक्षरात शेरा मारतात, पण नोंद तशीच राहते, कारण ती गोष्ट घडलेली आहे. बाई फार चिडल्या. मी म्हटलं, मी काय करू, ती काढून घ्यायचा अधिकार मला नाही आणि त्यांनाही नाही.” पुढे म्हणाले, “मी स्वतः यातलं काही मानत नाही. पण कचेरीचं काम मला कळतं.” आणि खिडकी बंद करायला सांगून त्यांनी डोळे मिटले.

हे माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, “अगं, सही केल्यावरही पाच वर्षं मी रोज सकाळी त्याच्याशी बोललो. आजारी पडेपर्यंत मला एकदाही वाटलं नाही की पलीकडे कोणी नाही. त्याने मला टाकलं असतं तर मला कळलं नसतं?” मी म्हणाले, “मी इतके दिवस आणखी काय सांगतेय?” तर म्हणाले, “तू सांगतेस ते मला गप्प करायला. हा माणूस कशाला सांगेल?” खरंच होतं ते. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “तारण राहिलं असेल. पण शेवटपर्यंत विश्वासू राहणाऱ्याला देव देतो तो मुगुट मात्र गेला. मी त्याच्यासाठी काही राखलं नाही, रिकाम्या हातांनी जाणार.” केमोने डोक्यावर एक केस उरला नव्हता. मी म्हणाले, “मुगुट कशाला हवाय, या टकलावरून घसरून पडेल.” हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले, आणि खोकल्याने बेजार झाले. तेव्हा मी त्यांचे पाय धरले. म्हणाले, मला क्षमा करा, मी तुम्हाला तिथे नेलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “सही माझी होती. तू काय माझा हात धरला होतास? उगाच सगळं स्वतःकडे ओढून घ्यायची तुझी सवय.” संध्याकाळचं ताट आलं तेव्हा यांनी प्रार्थना केली. आवाज इतका बारीक की मला वाकून ऐकावी लागली.

दोन दिवसांनी मी बाउमानांसाठी सफरचंदाचा केक करून नेला, तर पलंग रिकामा, चादर बदललेली. नर्स म्हणाली, पहाटे गेले. त्यांचं कोणी आलंही नव्हतं. जो माणूस काहीच मानत नव्हता त्याच्याकरवी प्रभूने आमच्याकडे निरोप पाठवला का, की तो नुसता योगायोग होता, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. त्यांच्या वॉर्डात जागा असती तर ते आमच्या खोलीत आलेच नसते, एवढं मात्र माझ्या मनातून जात नाही. त्यांचे आभार मानायचे राहून गेले.

त्यानंतर नऊ दिवसांनी, सकाळी, हे गेले. शेवटच्या दिवसांत यातना फार झाल्या. चेहऱ्यावर काही तेजबिज नव्हतं, पण भीतीही नव्हती. पाळकबाईंनी दफनविधी केला, कसलाच कागद मागितला नाही. पुढच्या महिन्यात मी एकटी जाऊन मंडळीत पुन्हा नाव घातलं. त्याने माझं मन हलकं होईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. यांचं नाव माझ्याबरोबर लिहिता आलं नाही, कारण गेलेल्या माणसाचं नाव परत घालत नाहीत.

यांचं काय झालं, ते कुठे आहेत, हे मला कोणी लेखी देणार नाही. काही रात्री जुनी भीती छातीवर येऊन बसते, खोटं का बोलू? पण आता मी भांडत नाही. इतकी वर्षं मी देवाच्या वतीने घरात निर्णय देत होते, हे चालतं, ते चालत नाही. ते काम माझं नव्हतंच. यांना त्याच्या हाती सोपवून मी मोकळी झाले, आणि शेवटच्या त्या दिवसांसाठी रोज त्याचे आभार मानते. सकाळी उठून म्हणते, प्रभू, सोडून आम्ही गेलो होतो, तू नाही. माझ्यासाठी तू काय राखून ठेवलंयस ते मी विचारत नाही. फक्त, माझ्या माणसाला तू जिथे ठेवलं असशील, तिथेच मलाही ने.