पलंगवाले सुधीरराव

आमच्या ठाकुर्लीच्या सेवा क्लबात सुधीररावांचं आडनाव कुणाला चटकन आठवत नाही. ते पलंगवाले सुधीरराव. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी क्लबकडे तीन पलंग आहेत. हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते. गरज असेल तोवर घरी न्यायचा, मग परत करायचा. निवृत्तीनंतर हा कारभार सुधीररावांनी अंगावर घेतला आणि ऑफिसच्या शिस्तीत चालवला.

क्लब काढला बाबुराव मास्तरांनी, स्वतःच्या ओसरीवर. मोठ्या क्लबांतल्या घंटा, बिल्ले आणि हॉटेलातली जेवणं त्यांनी पाहिली होती. त्यातली घंटा त्यांनी ठेवली आणि जेवण काढून टाकलं. आमची शपथही त्यांचीच: घेणाऱ्याला ओझं होईल असं देऊ नये. आवाज खणखणीत म्हणून दर मीटिंगला ती सुधीरराव वाचतात.

पलंग परत येतो तो बहुधा माणूस गेल्यावर. हे सगळ्यांना ठाऊक, पण विचारायचं कसं? सुधीररावांनी सभ्य तोडगा काढला. नवी मागणी आली की पलंग नेलेल्या घरी फोन करायचा आणि एवढंच विचारायचं, "आजींची तब्येत कशी आहे आता?" पलंगाचं नावही काढायचं नाही. त्यांच्या कारकिर्दीत एकही पलंग पडून राहिला नाही, म्हणून गेल्या वर्षी आम्ही त्यांना शाल दिली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

एक पलंग जुन्या गावठाणातल्या पंढरीकडे होता. त्याची आई केशरबाई जन्मभर मिठागरात राबलेली, पडून कमरेचं हाड मोडलं आणि उठलीच नाही. इकडे सोनल नावाच्या मुलीच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. त्यांना हॉस्पिटलातून घरी सोडणार होते आणि पलंग हवा होता. सुधीररावांनी पंढरीला फोन करायला सुरुवात केली. आठवड्याला एक, मग दोन. दर वेळी तीच आपुलकीची चौकशी.

शेवटी पंढरीचाच फोन आला. "सर, पलंग घेऊन जा."

"अरेरे," सुधीरराव म्हणाले, "कधी गेल्या?"

"कोन गेली? आई हाय ना. तुम्ही या."

टेम्पो घेऊन आम्ही दोघं गेलो. केशरबाई जमिनीवर गोधडीवर पडल्या होत्या आणि पलंग धुऊनपुसून दाराशी उभा होता. सुधीररावांना पाहून त्यांनी हात जोडले.

"भाऊ, ज्याना गरज हाय त्याना द्या. मना अजून बोलावना नाय, त्याला मी काय करू? माझ्यामुले तुमचा खोलंबा झाला. राग धरू नका."

सुधीरराव खालीच बसले. "आजी, चूक माझी आहे. तुम्ही परत पलंगावर चला, मी तुमच्या पाया पडतो."

"दोन दिवस जेवली नाय," पंढरी म्हणाला. "पलंग जाईल तवा जेवेन बोलते. न्या आता, सर."

आम्ही नेला. दुसरं काय करणार? सोनलचे वडील त्यावर टेकून बसले आणि कितीतरी दिवसांनी स्वतःच्या हाताने चहा प्यायले. सोनल पाया पडायला वाकली तेव्हा सुधीरराव चटकन मागे सरले. त्यांनी पदरचे पैसे घालून दुसरा पलंग घेतला, पण केशरबाईंनी तो दारातूनच परत पाठवला.

पुढच्या मीटिंगला घंटा झाली, सुधीरराव उभे राहिले आणि 'ओझं' या शब्दाशी अडले. शपथ पुरी केली दुसऱ्याच कुणीतरी. घरी जाताना ते मला म्हणाले, "मी त्या बाईच्या मरणाची वाट पाहत होतो. गोड आवाजात, पण वाटच पाहत होतो." ते खरं होतं.

परवा ते माझ्याकडे बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी धीर करून पंढरीला फोन लावला, स्पीकरवर. "आईंची तब्येत कशी आहे?"

"पलंग नेला ना, सर? आता काय पायजे?"

"काही नको रे. खरंच तब्येत विचारतोय."

पलीकडे पंढरीने आईला ते सांगितलं. मग मागून केशरबाईंचा थकलेला आवाज आला, "सांग त्याना, म्हातारी अजून हाय. माफी असावी."