देवाची कोर्ट ऑफ इन्क्वायरी

सतरा वर्षं फौजेत नोकरी केली. राजस्थान पाहिलं, काश्मीर पाहिलं. पण लोक विचारतात त्या एकाच दिवसाबद्दल, आणि तो माझ्याच तालुक्यातला निघाला.

दोन हजारनंतरची गोष्ट. मी इंजिनिअर्स रेजिमेंटमध्ये हवालदार होतो, पोस्टिंग मुंबईला. वसईकडे पूर आला. आमची तुकडी सकाळी निघाली. इलाका माहीत म्हणून मला घेतलं, आणि लान्स नायक भालचंद्र म्हात्रेला. तो तिथल्याच जूचंद्र गावचा, मिठागरात काम करणाऱ्यांच्या घरातला. मी वसईचा वाडीवाला, केळीच्या बागा करणाऱ्यांतला. वाद घालायला त्याला कारण लागत नसे.

११४० वाजता आम्ही चिंचोटीजवळच्या एका देवळाच्या स्लॅबवर उतरलो. बोट पोरंबाळं घेऊन गेली. वर राहिलो आम्ही दोघे, देवळाचा म्हातारा गुरव आणि त्याच्या घरची चार माणसं. १२१० ला वायरलेस सेट वाजला.

"बोटीचं इंजिन बंद. दुसरी बोट नाही. जागेवर थांबा. ओव्हर."

थांबलो. दुसरं करणार काय? चारी बाजूंना गढूळ पाणी. गाभारा बुडालेला, आणि आम्ही देवाच्या डोक्यावर बसलेलो.

"त्याची मर्जी," गुरव म्हणाला. "तो देव हाय. त्याला कोन जाब इचारनार? तो करील ते बरोबर."

म्हात्रेला तेवढंच पुरलं. "काय पन केलं तरी बरोबर, मंग बरोबर कशाला म्हनायचं, आजोबा?"

"म्हात्रे, गप," मी म्हणालो. "हुकूम देणारा कारण सांगत बसत नाही. पलटणीचा सीओ तुला सांगतो का?"

"नाय सांगत, उस्ताद. पन मानूस मेला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. सीओला पन उत्तर द्यावा लागतं. आन सीओच्या हातात सगळं नसतं. ज्याच्या हातात सगळं, त्याची तर पयली बसली पायजे."

 मला राग आला.

१४३० ला स्लॅबला तडा गेला. समोर चाळीस मीटरवर शाळेची दुमजली इमारत होती. कुणीतरी दोर घेऊन तिकडे जायला हवं होतं. पोहायला दोघांनाही येत होतं. मी वाडीतल्या बावखलाच्या साचलेल्या पाण्यात शिकलेलो, तो खाडीत. वाहत्या पाण्याची सवय त्याला जास्त. शिवाय कमांडरनं, म्हणजे तिथं मी, सेट सोडायचा नाही, हा नियम.

"म्हात्रे, दोर घेऊन जा."

"जी, उस्ताद."

त्यानं कारण विचारलं नाही. शाळेच्या खांबाला दोर बांधला आणि प्रवाहाच्या मध्यावर येऊन दोराला धरून राहिला. एकेकाला धरून त्यानं पाचही माणसं पार केली. शेवटी मी निघालो. त्याचा हात माझ्या हाताला लागला, तेवढ्यात वरच्या अंगानं वाहत ओंडका आला. माझ्या हातात त्याच्या जॅकेटचा पट्टा राहिला. १५१५ वाजले होते. तो तिसऱ्या दिवशी सापडला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मी दोन कारणं सांगितली, खाडीची आणि सेटची. हुकूम योग्य होता, असा निकाल लागला. सुटलो, असं कुणालाही वाटलं असतं. मला रात्र रात्र झोप येत नव्हती.

महिन्याभरानं जूचंद्रला गेलो. म्हात्रेच्या बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. छतावरचा वादही ऐकला. मग एकच विचारलं.

"तुमी का नाय गेलाव?"

खाडी आणि सेट जिभेवर तयार होते. दोन्ही खरे होते. पण मी म्हणालो, "बाबा, मला भीती वाटली. नियम आठवला तेव्हा बरं वाटलं."

 मी मान खाली घालून बसलो. उठून जावंसं वाटत होतं, उठता येत नव्हतं.

"खरा बोललाव," बाबा म्हणाले. "देवाला पन मी ह्याच इचारतंय. त्यो अजून काय बोलला नाय."

आता बाबाही नाहीत. दर वर्षी त्या तारखेला मी जूचंद्रला जातो. भिंतीवर बापलेकाचे फोटो शेजारी आहेत. मी समोर सावधान उभा राहतो आणि म्हणतो, लान्स नायक भालचंद्र म्हात्रे, हुकूम माझा होता.